पस मॉथची छोटी दांडी

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते ‘पस मॉथ’ विमानातून. एवढं शाळेपासून पाठ होतं. पण त्याच काळात याच जातीची काही विमानं हवेतच पंख मोडून पडत होती, हे व्हायब्रेशनच्या सबमिशनसाठी लायब्ररीत बसलो तेव्हा कळलं. मे १९३१मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्लेन किडस्टन असेच गेले. तपासात कारण सापडलं: खवळलेल्या हवेत पंखांना होणारा फ्लटर. उपाय काय, तर पंखाच्या तिरक्या स्ट्रटला आणखी एका छोट्या दांडीचा आधार. बस्स!

आम्ही ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’चा आकडा मित्राच्या जर्नलमधून उतरवतो आणि मोकळे होतो. यंदा तो लिहिताना माझा हात थांबला. त्या दांडीची किंमत माणसांनी मोजलीय राव!