गोदामावरचा दिवा

वडिलांच्या पश्चात आमच्या हळदीच्या अडतीची वाटणी झाली, तेव्हा सांगलीचे राहते घर माझ्याकडे आले आणि परसामागचे गोदाम थोरल्या बंधूंकडे, अण्णांकडे गेले. हिशेब चोख झाला. बोलणे मात्र त्याच दिवशी थांबले. पुढे चार वर्षे गोदामावरचा प्रखर दिवा रात्रभर जळत राहिला आणि आम्ही मागची खिडकी लावून घेत राहिलो.

30 डिसेंबर 2024, मार्गशीर्ष अमावास्येची रात्र. मुलीसाठी घेतलेली 70 मिलिमीटरची लहानशी दुर्बीण परसात मांडली होती. माझ्या हाती द्विनेत्री होती. रोहिणीजवळ गुरू तेजाने झळकत होता. परंतु मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ त्या दिव्यापुढे काही केल्या दिसेना. "मोठ्या काकांना सांगून येते," असे म्हणत मुलगी मी अडवण्याआधीच फाटकाबाहेर पडली.

थोड्या वेळाने दिवा मालवला. तिच्यामागून अण्णाही आले. "काय दिसते ते पाहू तरी," एवढेच म्हणाले.

डोळे अंधाराला सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ आम्ही दोघे भाऊ वडिलांच्या कट्ट्यावर बसून होतो.

"याची फरशी हलते आहे," अण्णा म्हणाले.

"गवंडी मिळत नाही."

"माझ्याकडे आहे. उद्या पाठवतो."

हळूहळू आकाश भरून आले. साध्या डोळ्यांना सहा तारे दाखवणारी कृत्तिका द्विनेत्रीत रत्नांच्या पुडीसारखी उलगडली. मृगातला तेजोमेघ राखी धुक्यासारखा दिसला. त्याचा प्रकाश निघून तेराशेहून अधिक वर्षे झालेली. गुरूचा प्रकाश मात्र अवघ्या पस्तीस मिनिटांपूर्वीचा. त्याच्या दोन्ही अंगांना एका रेषेत मांडलेले चिमुकले चंद्र अण्णा बराच वेळ पाहत राहिले. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने रात्रीमागून रात्री या चंद्रांच्या जागा टिपल्या आणि त्यावरूनच ते गुरूभोवती फिरतात हे ओळखले, असे मुलीने सांगितले.

"म्हणजे त्याने रोजकीर्दच लिहिली म्हणायची!" अण्णा हसले. त्यांचे हसणे मी चार वर्षांनी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याच्या हाती अण्णांनी मुलीसाठी लाल कापडी बांधणीची एक कोरी वही पाठवली होती. रात्री साडेआठला, कोणी न सांगता, गोदामावरचा दिवा विझला. मुलीने बॅटरीला लाल कागद लावून त्या मंद उजेडात पहिल्या पानावर तारीख घातली, गुरूसाठी एक वर्तुळ काढले आणि बाजूला ठिपके मांडले.

मी अंधारात उभा होतो. त्या दिव्याबद्दल चार वर्षे मी घरात कुरकुरलो होतो. तो मालवा, असे अण्णांना मात्र एकदाही सांगितले नव्हते.