नौकेवरचे आढे
अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर सरता सरता लहान शिडाच्या नौका पाण्याबाहेर निघतात आणि मे उजाडेपर्यंत, म्हणजे वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ, जमिनीवर उघड्या आभाळाखाली काढतात. या मुक्कामात ताडपत्रीच नौकेला राखते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. परंतु ताडपत्रीला स्वतःचा आकार नसतो, तो तिला खालचा लाकडी सांगाडा देतो, आणि सांगाडा कसातरी उभारलेला असेल तर उत्तम प्रतीचे कापडही नौकेच्या नासाडीलाच हातभार लावते.

हिवाळ्यात नौकेला भय असते ते थंडीपेक्षा साचलेल्या गोड्या पाण्याचे. समुद्राचे खारे पाणी लाकूड सहसा कुजवत नाही. पावसाचे आणि वितळलेल्या हिमाचे पाणी मात्र फळ्यांच्या सांध्यांत शिरून बसते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढत असल्यामुळे सांधा आतून उकलतो. पुढे ऊन वाढले की त्याच ओलाव्यावर बुरशी पोसली जाते, कारण लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण 20 टक्क्यांच्या वर गेल्यावाचून तिला जोम धरता येत नाही. नौका जमिनीवर येताच तिच्या तळाचे बूच काढून ठेवण्याची पद्धत आहे, ती चुकून आत आलेल्या पाण्याला वाट राहावी म्हणून.

सांगाड्याची रचना कौलारू घराच्या छपरासारखी असते. नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत मधोमध एक लांब आढे जाते, ते डेकवर उभ्या केलेल्या मेढींवर टेकते, आणि त्यावरून दोन्ही काठांकडे दर दोन-तीन फुटांवर वासे उतरतात. उतार किती द्यावा हा यातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर हिमाच्या वजनात सापडते. आठ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद नौकेवर 20 चौरस मीटर छाया धरली, तर तिच्यावर साचलेल्या एक फूटभर ओलसर हिमाचे वजन, घनमीटरला 300 किलोचा हिशेब धरल्यास, अठराशे किलोच्या घरात जाते. हे ओझे पेलणारे छप्पर बांधण्यापेक्षा ते टिकूच न देणारे छप्पर बांधणे शहाणपणाचे, म्हणून जाणते लोक उतार 45 अंशांच्या आसपास ठेवतात. वाशांमधले अंतर फार झाले किंवा आढे मध्येच वाकले, तर ताडपत्रीत खळगा पडतो, खळग्यात पाणी साचते, ते गोठून जड होते, जडपणाने खळगा आणखी खोल जातो, आणि एका रात्रीच्या वादळात वासा मोडून सगळे ओझे डेकवर येते.

वासा जिथे काठाला टेकतो ती जागा निरखून पाहण्याजोगी आहे. तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा गुंडाळून बांधलेला असतो, वाशाची वरची कड रंधा मारून गोल केलेली असते आणि स्क्रूचे डोके लाकडात खोल बुडवलेले असते, कारण वाऱ्याने हलणारे कापड सहा महिने त्याच एका ठिकाणी घासत राहते आणि साधी खिळ्याची टोपीही त्याला करवतीसारखी कापून काढते.

वाऱ्याशी वैर धरून मात्र चालत नाही. छपराच्या दोन्ही तोंडांशी, शक्यतो आढ्याच्या लगत, मोकळी जागा ठेवावी लागते; नाहीतर दिवसा तापलेल्या हवेतले बाष्प रात्री थंड कापडाच्या आतल्या अंगाला थेंबांच्या रूपाने जमते आणि बाहेरच्या पावसापासून वाचवलेली नौका आतल्या पावसात भिजते. उष्णतेने आवळून बसवायचे प्लॅस्टिकचे वेष्टन अलीकडे सर्रास दिसते. त्याने काम झटपट उरकते हे खरे, पण ते श्वास घेत नाही, त्यात झरोके मुद्दाम बसवावे लागतात आणि वसंतात बहुधा ते कापूनच काढावे लागते. लाकडी नौकेसाठी जाड कॅनव्हासचे कापड त्याहून निःसंशय श्रेष्ठ आहे.

दोऱ्या कुठे बांधाव्यात, हा तर जिवावर बेतणारा मुद्दा आहे. जमिनीवर ठेवलेल्या नौकेचा भार पठाणावर, म्हणजे तळाच्या कण्यासारख्या जाड लाकडावर असतो, आणि दोन्ही बाजूंचे लोखंडी टेकू तिला केवळ तोलून धरतात. छपराची दोरी सोयीचे म्हणून टेकूला बांधली आणि वादळात कापड फडफडू लागले, तर हिसक्यांनी टेकू जागचा सरकतो आणि नौका कुशीवर कोसळते. दोरी नौकेच्या पोटाखालून पलीकडच्या काठाला नेणे, हाच योग्य मार्ग होय.

कोकणात नौका झाकण्याचे हे काम पावसाळ्याच्या तोंडावर होते. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा वर ओढलेल्या होड्या झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात. ब्रिटिश आरमाराने तर राखीव ताफ्यातल्या युद्धनौकांवर अख्खी लाकडी छपरे चढवली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने सागवानात बांधलेली आणि 1817 साली पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका ज्या वर्गातली, त्याच वर्गाच्या सुधारित आराखड्यावर इंग्लंडमधील चॅटमला 1824 साली युनिकॉर्न ही युद्धनौका तयार झाली. तिच्यावर डोलकाठ्या न उभारता छप्पर घातले गेले, ते स्कॉटलंडमधील डंडी येथे आजही तिच्यावर आहे, आणि तिचे मूळ लाकूड इतके शाबूत राहिले ते बव्हंशी त्यामुळेच.

लहान नौकेचा सांगाडा मात्र दर वसंतात उतरवायचा असतो, म्हणून त्याचे सांधे खिळ्यांऐवजी नटबोल्टचे असावेत. प्रत्येक वाशावर त्याचा क्रमांक, डावी-उजवी बाजू आणि नाळेची दिशा दाखवणारा बाण पक्क्या रंगाने काढून ठेवतात, कारण नौकेची रुंदी पावलोपावली बदलत असल्याने एका जागचा वासा दुसऱ्या जागी बसत नाही.