रोल कोणाच्या हाती द्यावा?

कृष्णधवल रोल धुवायला कोठे द्यावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. आम्हीही तो तसाच समजत होतो. २०१८ च्या डिसेंबरात वाईला आजीच्या स्वयंपाकघरात आम्ही एचपी-५ चे दोन रोल संपवले. चुलीपुढची आजी, ताक घुसळणारी आजी, खिडकीशी तांदूळ निवडणारी आजी. महिन्याभरात आजी गेली. पहिला रोल आम्ही घराजवळच्या एका रंगीत लॅबमध्ये टाकला आणि हाती आली ती काचेसारखी स्वच्छ, कोरी पट्टी.

कारण नंतर उमगले. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत प्रतिमेतली चांदी अखेरीस काढून टाकली जाते व मागे रंगद्रव्य उरते. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये असे रंगद्रव्य नसतेच. तेथे चांदी हीच प्रतिमा. एक्सपी-२ सारखी एखादी कृष्णधवल फिल्म सी-४१ मध्ये धुता येते, हे खरे. आमची तशी नव्हती. चूक लॅबची होती, पण आम्हीही काही विचारले नव्हते.

दुसरा रोल फ्रिजमध्ये ठेवून आम्ही लॅब शोधू लागलो. आता विचारायचे प्रश्न ठरले होते. डेव्हलपर कोणता? उन्हाळ्यात तो वीस अंशांवर राखता का? प्रिंट एन्लार्जरखाली चांदीच्या कागदावर काढता, की स्कॅन करून रंगीत कागदावर? (दुसऱ्या प्रकारात काळ्यावर हिरवट वा जांभळट झाक येऊ शकते.) उत्तरे बरी मिळत होती, मन मात्र ठरत नव्हते.

अॅन्सेल अॅडम्स तरुणपणी पियानो शिकलेले. ते निगेटिव्हला स्वरलिपी मानत आणि प्रिंटला वादन. आपण बंदिश आणि गायन म्हणू. कार्तिए-ब्रेसाँ तर आपली प्रिंट्स स्वतः काढत नसत. पॅरिसमध्ये पिएर गासमान यांनी १९५० साली काढलेल्या पिक्तो लॅबवर त्यांनी ते काम सोपवले होते. म्हणजे लॅब निवडणे हे आपली बंदिश कोणी गावी, ते ठरवणे आहे.

अखेर पुण्यातल्या एका जुन्या अंधारखोलीत रोल दिला. तो नीट धुऊन निघाला. कॉन्टॅक्ट शीटवर भिंग फिरवत तेथले गृहस्थ एका चौकटीशी थांबले आणि म्हणाले, "खिडकी राखायची, की आजींचा चेहरा? दोन्ही ओढूनताणून आणता येतील. पण मग ती दुपार राहणार नाही."

इतके दिवस प्रश्न आम्ही विचारत होतो. या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. एक दिवसाची मुदत मागून घेतली. लॅबची निवड मात्र त्याच क्षणी झाली होती: जिला आपल्या चित्राविषयी प्रश्न पडतो, ती लॅब आपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही "चेहरा" म्हणालो. प्रिंटमध्ये आजीच्या कपाळावरची प्रत्येक रेघ आहे, सुपावर खिळलेली नजर आहे. खिडकी पांढरीफटक आहे. तिच्यापलीकडचे पेरूचे झाड प्रिंटमध्ये आलेले नाही. ते निगेटिव्हमध्ये आहे.