कज्जली आणि आमची कबुली

आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेंच. पुढें पाठशाळेंत लघुकौमुदी घोकली आणि तिच्याच बळावर शाळेंत संस्कृत शिकवून सेवानिवृत्त झालों. असल्या माणसानें रसायनशास्त्रावर लेखणी उचलावी, हें वाचकांस धाडस वाटेल. परंतु ज्या विषयांत चूक केली, त्याच विषयांत ती कबूल करणें प्राप्त आहे.

गेल्या दिवाळींत येथील वाचनालयांत आमचें व्याख्यान झालें. पारा व गंधक खलांत घोटून केलेल्या कज्जलीचें रसभरित वर्णन करून, अतिसूक्ष्म गंधकयुक्त कणांची ही विद्या आमच्या रसवैद्यांस पूर्वींच अवगत होती, असें आम्हीं ठासून सांगितलें. टाळ्याहि पुष्कळ पडल्या. श्रोत्यांत मागें आमची पुतणी बसली होती. ती असल्याच कणांवर संशोधन करते हें आम्हांस ठाऊक होतें. काय करते, हें मात्र कधीं विचारलें नव्हतें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर एक विचारूं? कज्जलींत गंधक येतो कोठून?"

"गंधकांतून! आणि पारा पाऱ्यांतून. हा काय प्रश्न झाला?"

"म्हणजे उगम दोन झाले. आमच्या रीतींत उगम एकच असतो."

मग तिनें सारें समजावून दिलें. १९९३ सालीं अमेरिकेंत मरे, नॉरिस व बावेंडी यांनीं सारख्या आकाराचे सूक्ष्म कण सिद्ध केले. पुढें २०२३ च्या नोबेल पारितोषिकांत बावेंडी यांचा वाटा होता. परंतु त्या कृतींतील डायमिथिल कॅडमियम अतिशय विषारी आणि हवा लागतांच पेटूं शकणारें. १९९६ सालीं लंडनमध्यें ट्रिंडाडे व ओब्रायन यांनीं कॅडमियम व सेलेनियम हीं एकाच रेणूंत बांधून घेतलीं. गंधकासहि तीच युक्ति लागू पडली. कॅडमियमचें डायथायोकार्बामेट ही हवेंत टिकणारी पांढरी पूड. तिच्यांत धातूस गंधकाचे अणु आधींच बिलगलेले. ती 'टोपो' नामक द्रवांत सुमारें २५० अंशांवर तापविली कीं रेणु फुटतो, बाकीचा भाग निघून जातो आणि कॅडमियम सल्फाइड उरतें. टोपोचे रेणु कणांस वेढून त्यांची वाढ आवरतात. पांच नॅनोमीटरांचे दोन लाख कण ओळीनें मांडावे, तेव्हां एक मिलिमीटर भरतो! कण जितका लहान, तितका त्याचा पिवळा रंग फिका.

ऐकतां ऐकतां आम्हांस क्विप् प्रत्यय आठवला. तो येतो, शब्द सिद्ध करतो आणि स्वतः समूळ लोपतो. त्या रेणूचा सेंद्रिय भागहि तसाच. हें सांगतांच पोरगी खळखळून हंसली. पण आमचें मन हंसेना.

"मग कज्जली खोटी का?" आम्हीं विचारलें.

"खोटी कशी? पाऱ्याची चकाकी जाऊन ती निश्चंद्र होईपर्यंत घोटणें हें कौशल्यच आहे. पण कण केवढा झाला, हें त्यांनीं मोजलें नाहीं. हवा तेवढाच तो करावा, हेंहि त्यांच्या मनांत नव्हतें. काका, मुलांनीं न लिहिलेल्या उत्तरास तुम्ही कधीं गुण दिलेत?"

यावर आम्ही निरुत्तर झालों. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबडी शाई चालविली. आपल्या वहीवर ती चालवितांना हात कचरतो, हें त्या रात्रीं कळलें.

पुढील महिन्यांत वाचनालयाच्या सभेंत पांच मिनिटें मागून घेतलीं आणि झालेली चूक सांगितली. टाळ्या पडल्या नाहींत. एक जुने स्नेही तर म्हणाले, "गुरुजी, उगाच कशाला?" उगाच नव्हे. पूर्वजांचा मान त्यांनीं केलेल्या कार्यानें राखावा. न केलेलें त्यांच्या पदरीं बांधलें, तर केलेल्याविषयींहि लोक शंका घेऊं लागतात.