बाबांच्या कॅमेऱ्याचं कार्ड

बाबांचा कॅमेरा 2005 सालचा. कॅनन पॉवरशॉट ए520. चार मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, हातात धरला की भरीव लागणारा. कराडच्या शाळेत चित्रकला शिकवत असताना त्यांनी तो घेतला आणि निवृत्त होईपर्यंत शाळेची स्नेहसंमेलनं, प्रीतिसंगमाचा घाट, नात्यातली लग्नं असं सगळं त्यात टिपलं. आई गेल्यावर ते आमच्याकडे बेंगळुरूला, सर्जापूर रोडला राहायला आले. सामानात कॅमेरा होता, पण त्यातलं 256 एमबीचं कार्ड बंद पडलं होतं.

मोबाइल आहे की, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मोबाइलनं फोटो निघतो रे. डोळा लावून बघता येत नाही." त्या कॅमेऱ्याला मागच्या पडद्याखेरीज डोळा लावायची खिडकी आहे. जन्मभर पेन्सिल डोळ्यासमोर धरून अंतरं मोजलेल्या माणसाला ती खिडकी का हवी असते, हे मला तेव्हा नीट कळलं.

आणि टिपायला इथं पुष्कळ आहे. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कैकोंड्रहळ्ळीचं तळं आहे. आसपास काचेच्या इमारती, रस्त्यावर आयटीवाल्यांच्या बसगाड्यांची रांग, आणि मधेच हे पाणी. एके काळी सांडपाण्यानं आणि कचऱ्यानं भरत चाललेलं हे तळं 2010 च्या सुमारास इथल्या रहिवाशांनी महापालिकेबरोबर काम करून परत उभं केलं. आज सकाळी गेलात तर झोळीवाले पाण्यावर उतरताना दिसतात, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात, कडेच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या फिरत असतात. बाबांना कराडला नदीकाठी फिरायची सवय. तळं सापडलं आणि त्यांचा जीव इथं रमेल अशी आशा मला पहिल्यांदा वाटली. म्हणून कॅमेरा चालू करणं माझ्यासाठी हौसेचं काम नव्हतं.

दुकानांत 32, 64, 128 जीबीची कार्डं टांगलेली असतात. आकार तोच, खोबणीत बसतंही तेच, पण कॅमेरा ते ओळखत नाही. याचं कारण जागेत नाही, पत्त्यात आहे. सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाली मात्सुशिता या तिघांनी 1999 मध्ये एसडी कार्ड आणलं, तेव्हा कार्डावरची जागा एकेका बाइटच्या हिशोबानं सांगितली जायची आणि ती कार्डं 2 जीबीपर्यंत थांबायची. 2006 मध्ये एसडीएचसी आलं. त्यात पत्ता 512 बाइटच्या गठ्ठ्यांनी मोजला जातो. 2005 चा कॅमेरा जुन्या मोजणीनं विचारतो, नवं कार्ड नव्या मोजणीनं बोलतं. ऑफिसातल्या एका मित्रानं सुचवलं की 16 जीबीच्या कार्डाचा 2 जीबीचाच भाग करून फॉरमॅट कर. त्यानं काही साधत नाही. भाग कितीही लहान केला तरी कार्डाची बोलण्याची रीत बदलत नाही, आणि कॅमेरा भागांपर्यंत पोचायच्या आधीच अडतो.

म्हणजे 2 जीबीचंच कार्ड हवं. मोठ्या आकाराचं, नवं, खात्रीचं 2 जीबी कार्ड आता दुकानात सहसा मिळत नाही. बीएमटीसीच्या बसनं के. आर. मार्केटला उतरून मी एस. पी. रोडवर गेलो. इलेक्ट्रॉनिक्सची जी वस्तू बेंगळुरूत कुठंच मिळत नाही ती याच सदर पत्रप्पा रोडच्या गल्लीत मिळते, असं इथं सगळे मानतात. चार-पाच दुकानांत "इल्ला सार" ऐकलं. शेवटी एका वयस्क दुकानदारानं हिंदीत विचारलं, छोटं चालेल का, अॅडॉप्टरमध्ये घालून?

हे छोटं कार्ड सॅनडिस्कनं 2004 मध्ये ट्रान्सफ्लॅश नावानं फोनसाठी आणलं आणि पुढच्या वर्षी तेच मायक्रोएसडी झालं. कीपॅडवाल्या फोनच्या काळात 2 जीबीची अशी कार्डं घरोघरी होती. ते फोन गेले, कार्डं मात्र दुरुस्तीवाल्यांच्या खणांत पडून राहिली. एस. पी. रोडला त्या दिवशी कार्ड नव्हतं, पण वाट सापडली. मग आमच्याच भागात, दोड्डकन्नेल्लीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे प्लास्टिकच्या डबीत ती कार्डं मिळाली. तीन घेतली.

घरी लॅपटॉपला लावलं तर पहिल्याच कार्डावर फोटोंचे फोल्डर होते. कुणा अनोळखी माणसाचे. बाबा शेजारीच बसले होते. ते लगेच म्हणाले, "उघडू नकोस. लोकांच्या घरातलं आहे ते." मीही उघडले नाहीत. पण नुसतं फॉरमॅट केल्यानं फोटो जात नाहीत. यादी पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो आणि फोटोरेकसारखा कुठलाही मोफत प्रोग्रॅम तो परत काढू शकतो. मला कार्ड तपासायचंही होतंच, कारण बाजारात खोटी कार्डं फार. आतल्या चिपमध्ये खोटी नोंद करून कमी जागेचं कार्ड जास्त जागेचं म्हणून विकतात. भरत आलं की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात आणि सांगणारं कुणी नसतं. त्यासाठी एफ3 नावाचा प्रोग्रॅम आहे. तो फॉरमॅट केलेलं कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून ताडून पाहतो. एकाच वेळी दोन कामं झाली: कार्ड खरं असल्याची खात्री पटली, आणि त्या अनोळखी घराचे फोटो नव्या मजकुराखाली कायमचे गेले. जुनं कार्ड विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही हे करायलाच हवं असं मला वाटतं. आपला जुना फोन रद्दीत देताना कार्डाचा विचार कुणी करत नाही.

आता अॅडॉप्टर. तो काहीतरी बदल घडवून आणतो असा पुष्कळांचा समज असतो. मी एक तुटका अॅडॉप्टर उकलून बाबांना दाखवला. आत चिप नाही, काही नाही. फक्त पत्र्याच्या बारीक पट्ट्या. मायक्रोएसडीला आठ संपर्क, मोठ्या कार्डाला नऊ. मोठ्यात ग्राउंडचे दोन असतात, ते दोन्ही लहानाच्या एकाच संपर्काला जोडलेले. बाकी वायर सरळ. बाबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि वहीत त्याची आकृती काढली, प्रत्येक पट्टी कुठून कुठं जाते ते बाणांसह. ती वही मी ठेवली आहे.

वायरच असल्यामुळे दोष येतो तो जोडावर. साध्या कार्डाला एकच जोड, इथं दोन. एक कॅमेऱ्याचा, एक अॅडॉप्टरच्या आतला. स्वस्त अॅडॉप्टरमधल्या पट्ट्या लवकर सैल होतात आणि चालता चालता फोटो अर्धवट लिहिला जातो. म्हणून लहान कार्ड सारखं आतबाहेर न करणं इष्ट, आणि अॅडॉप्टर जुना झाला की बिनधास्त बदलायचा. कार्डाबरोबर तो बहुधा फुकट येतो.

दुसरी गोष्ट कडेच्या सरकपट्टीची. एके सकाळी तळ्यावर कॅमेऱ्यानं कार्डाला कुलूप असल्याचं सांगितलं. समोर चित्रबलाक उभा, आणि बाबा हिरमुसलेले. ही पट्टी कार्डाला काहीच सांगत नाही. मायक्रोएसडीला कुलूपच नाही. कॅमेऱ्याच्या खोबणीतला एक बारीक स्विच पट्टी वर आहे की खाली तेवढं चाचपतो. आमच्या अॅडॉप्टरची पट्टी सैल होऊन आत ढकलताना घसरत होती. पट्टी उघड्या बाजूला धरून त्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की काम होतं. पट्टी पार पडून गेली असेल तरी ती खाच चिकटपट्टीनं झाकली की कॅमेरा लिहू लागतो. तुकडा मात्र संपर्कांवर येऊ द्यायचा नाही आणि जाड करायचा नाही, नाहीतर कार्ड आत अडकेल.

माझ्या स्वतःच्या नव्या कॅमेऱ्यात मी अॅडॉप्टर वापरत नाही. झोळीवाला उतरताना एका दमात तीसेक फोटो घ्यायचे तर लिहिण्याचा वेग लागतो. वेगवान यूएचएस-2 कार्डांना मागे संपर्कांची दुसरी ओळ असते आणि नेहमीच्या अॅडॉप्टरमध्ये ती नसते. त्यामुळे महागडं लहान कार्ड घातलं तरी वेग जुन्याच ओळीपुरता राहतो. बाबांच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एक फोटो, थांबा, दुसरा. चार मेगापिक्सेलचे हजाराच्या आसपास फोटो 2 जीबीत मावतात, आणि बाबा निवडून काढणारे आहेत.

त्यांना हवी होती ती सोय वेगळीच निघाली. कराडची आत्या रोज फोटोची वाट पाहते. बाबांच्या फोनला कार्डाची जागा आहे. फिरून आल्यावर ते चहा ठेवतात, अॅडॉप्टरमधून कार्ड नखानं काढतात, फोनमध्ये घालतात आणि पक्ष्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आत्याला पाठवतात. लॅपटॉप नाही, वायर नाही, मला हाक नाही. या एका सोयीसाठी ते रोज कार्ड काढतात, मग अॅडॉप्टर दर काही महिन्यांनी बदलावा लागला तरी मी बदलीन. एक मात्र त्यांना ठामपणे सांगून ठेवलं आहे: फोननं कार्ड आपल्या आतल्या साठ्यात सामील करू का असं विचारलं तर नाही म्हणायचं. हो म्हटलं की फोन कार्ड पुसतो आणि कूटबद्ध करतो, मग ते दुसरीकडे कुठंच वाचता येत नाही.

सोसायटीत ही बातमी पसरली आहे. खालच्या मजल्यावरच्या म्हैसूरच्या आजींनी त्यांच्या यजमानांचा सोनीचा जुना कॅमेरा आणून दिला. त्याला मेमरी स्टिक लागते, तिची बोलण्याची रीत एसडीपेक्षा पूर्ण निराळी. तिथं नुसत्या पट्ट्यांचा अॅडॉप्टर चालत नाही, आत दुभाषाचं काम करणारी चिप असलेला लागतो. तसा मी मागवला आहे. तोवर आजी आणि बाबा त्या कॅमेऱ्याचे सेलचे संपर्क खोडरबरानं घासून स्वच्छ करत बसले आहेत, आजी कन्नडमध्ये बोलतात आणि बाबा मराठीत उत्तर देतात.