किलोमीटर नको, पावसाळे मोजा

आजची नोंद पिकाची नाही, पिकअपची आहे. पण ज्याच्या दारात मालाची गाडी उभी आहे त्याने शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारीत उन्हाळी भेंडीसाठी लेंडीखत आणायला ओतूरकडे गेलो होतो. आंबिवलीहून टिटवाळा, गोवेली, मुरबाड, टोकावडे आणि पुढे माळशेज घाट. गाडी पुतण्या चालवत होता, मी शेजारी. येताना चाळीस किलोच्या तीस गोण्या भरल्या. म्हणजे बाराशे किलो माल, आणि गाडी धरून तीन टनांच्या आसपास वजन. घाट उतरताना पोरगा तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. तीन-चार वळणं झाली आणि जळका वास यायला लागला. मी म्हटलं, क्लच असेल. पुढच्या वळणाआधी तो म्हणाला, "काका, पेडल पार खाली जातंय. लागतच नाय."

त्याचा आवाज अजून कानात आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मी ओरडलो, "गिअर पाड! इंजिन बंद करू नको!" त्याने दुसरा टाकला, मग पहिला. पेडल भराभर मारलं तसा थोडा ब्रेक लागला. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन उभी केली. उतरून चाकांखाली दगड लावले. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता गंमत बघा. अर्ध्या-पाऊण तासाने पोराने पेडल दाबलं, तर एकदम कडक! जणू काही झालंच नव्हतं. चाकाजवळ तेलाचा थेंबसुद्धा गळलेला नव्हता. तरी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने घाट उतरलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइल कधी बदललं?" मी म्हटलं, "गाडी फिरतेच कुठे? वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर." तो म्हणाला, "किलोमीटर नाही विचारले. पावसाळे किती झाले?" मोजले तर पाच झाले होते.

त्याने नळीतून जुनं तेल काढलं, ते कोऱ्या चहासारखं काळं. मागच्या चाकाचा सिलेंडर उघडला तर आत गंज. घरी येऊन मीही थोडं वाचलं. आपल्या भाषेत सांगतो.

ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते खाण्याच्या किंवा इंजिनच्या तेलासारखं तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचं द्रव्य आहे आणि त्याला हवेतली ओल ओढायची सवय आहे. कॅल्शियम नायट्रेटची गोणी पावसाळ्यात उघडी राहिली तर तिचं कसं पाणी होतं, तसाच हा गुण. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, रबरी नळ्यांतूनही ओल हळूहळू आत शिरते. गाडी चालो नाहीतर उभी राहो, हे काम चालूच असतं. आणि आपल्या कोकणपट्टीत चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. 2005 आणि 2019 च्या जुलैतले पूर ज्यांनी उल्हास-काळू नद्यांच्या काठावर पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. इंजिनापर्यंत पाण्यात बुडालेल्या गाडीचं ब्रेक ऑइल तर लगेच बदलायला हवं.

डिझेलमध्ये पाणी गेलं तर ते तळाला बसतं, फिल्टरखालचा नट सोडला की निघून जातं. ब्रेक ऑइलमध्ये पाणी विरघळतं, ते वेगळं काढता येत नाही. एका परीने हे बरंच आहे. पाणी वेगळं साचलं असतं तर थेट 100 अंशाला उकळलं असतं. पण विरघळलेलं पाणीसुद्धा तेलाची उकळायची पातळी खाली आणतं.

बाटलीवर डॉट 3, डॉट 4 लिहिलेलं असतं. डॉट हे अमेरिकेच्या परिवहन खात्याचं आद्याक्षरी नाव. त्या मापाने नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी गेलं की ही किमान पातळी 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. भात खरेदी केंद्रावर आपल्याला 17 टक्के ओल चालते, इथे चार टक्केसुद्धा घात करते.

आता घाटातला हिशेब. तीन टनांची गाडी 500 मीटर खाली उतरली तर जेवढी ताकद ब्रेकने गिळायची, तेवढ्या उष्णतेवर चाळीस-पंचेचाळीस लिटर पाण्याला उकळी फुटेल. इंजिनाने यातला वाटा उचलायचा असेल तर खालचा गिअर हवा. आम्ही सगळा भार ब्रेकवर टाकला. ती धग चाकाजवळच्या तेलापर्यंत गेली, तेलातलं पाणी उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि पेडल कडक. म्हणूनच "घाटात ब्रेक गेला होता" असं सांगितलं तरी सपाटीवर काही सापडत नाही.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी टाकीतली पातळी खाली दिसली, तेव्हा खताच्या खोलीतली अर्धी बाटली मीच ओतली होती. झाकण सैल, कधी उघडलेली ते आठवत नाही. पैसे वाचवले म्हणून खूश होतो. पातळी खाली गेली होती ती ब्रेक लायनर झिजल्यामुळे. ते तपासायचं सोडून मी ओल ओतली. परदेशात लोक घरासारख्या मोठ्या गाड्या वर्षातून दोनदा फिरायला काढतात, त्यांनाही हीच खोड भोवते. गाडी फिरली नाही म्हणजे तेल ताजं राहिलं असं नाही.

म्हणून एवढं करा:

१. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तसं, पूर्ण बदला. नुसती भर घालून चालत नाही.

२. टाकीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक असेल तोच घ्या. बाटली सीलबंद हवी. उरलेलं साठवू नका.

३. पातळी बाहेरूनच बघा. उगाच झाकण उघडू नका, धुताना त्यावर जोराचा फवारा मारू नका.

४. त्यात इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल कधीच नको. रबर फुगतं. ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचना वेगळी असते, त्याची पुस्तिका बघूनच तेल घाला.

५. जुनं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते विषारी आहे. मिस्त्रीकडेच द्या.

६. घाट उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर. न्यूट्रल कधीच नाही. पेडल गेलंच तर भराभर पंप करा, गिअर उतरवा, हँडब्रेक बेताने, इंजिन चालू ठेवा.

तेल आणि मजुरीचा खर्च फवारणीच्या एका औषधाएवढाही झाला नाही. पुतण्याने टाकीवर पांढऱ्या रंगाने महिना आणि साल लिहिलंय. मी घरी येऊन भावजयला घाटातलं काही सांगितलं नाही. आज ही नोंद वाचून तिला कळेल.

तुमच्या गाडीचे किती पावसाळे झाले?