ओटी

कोकणातले आमचे जांभ्याचे कौलारू घर पाडून मी सिमेंटचे बांधले, तेव्हा आईला एका शब्दाने विचारले नाही. मिळवत्या मुलापुढे ती तरी काय बोलणार!

पुढे कामानिमित्त त्रिवेंद्रमला गेलो असता उल्लूरचे ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ पाहिले. लॉरी बेकर या जन्माने इंग्रज असलेल्या स्थपतीची ही करणी. गिलावा नाही, नुसत्या विटांच्या भिंती आणि त्यांतच ठेवलेल्या जाळ्या. बाहेर ऊन रणरणत होते, आत झुळूक होती. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली, की सुमारे पाव विटा वाचतात आणि उष्माही कमी शिरतो. बेकर २००७ साली वारले. १९८५ सालची ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था त्यांच्या पद्धतीने अजून घरे बांधते. पण माझ्या मनात रुतले ते निराळेच. बेकर आधी घरात राहणाऱ्यांशी बोलत, मग कागदावर रेघ ओढीत.

घरी आलो. उन्हे कलली होती. आई मागीलदारी, जुन्या घराच्या उरलेल्या चिऱ्यांवर बसली होती.

“इथं गं का बसलीस?”

“अरे, ओटी नाही ना ठेवलीस,” ती म्हणाली, आणि सरकून तिने मला जागा करून दिली.